दुसरा खांदा

महांतेश हुक्केरीनं शाळूचं पोतं काट्यावर ठेवलं आणि तेवढ्यात समोरच्या गिऱ्हाइकाच्या खिशातला फोन वाजला. फोन कसला, महांतेशच वाजला. "पडला, पडला, आस्मान दाखवलं यशराजनं, आस्मान दाखवलं" असा त्याचा स्वतःचा दोन वर्षांमागचा आवाज, पाठीमागं हलगीचा कडकडाट, आणि शेवटी माणसांचं खदखदून हसणं. हे हसणं त्या दिवशीचं नव्हतं. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. ते नंतर कुणीतरी कुठून तरी आणून चिकटवलं होतं. गिऱ्हाइकाला काही घाई नव्हती. त्यानं आधी चष्मा शोधला, मग फोन हातभर लांब धरून नाव वाचलं, आणि तोवर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात सकाळच्या वेळी काय कमी कालवा असतो? हमाल ओरडतात, टेम्पोवाले हॉर्न दाबून धरतात, कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. तरी महांतेशला वाटलं की गल्लीतला एकेक माणूस हातातलं काम टाकून आपल्याकडंच बघतोय. कुणी बघत नव्हतं. काट्यावरचा आकडा केव्हाच स्थिर झाला होता, फक्त तो त्याला वाचता येत नव्हता.

"काय झालं वो मालक? बरं न्हाय काय?" फोन खिशात टाकत गिऱ्हाईक म्हणालं.

"बरं हाय की. हे वाजतंय ते काय हाय, पावणं?"

"हे व्हय? काय म्हाइत. नातीनं घालून दिलंय. कोण तर कुस्तीत बोलणारा हाय म्हणं, पैलवान पडायच्या आधीच पडला म्हणून मोकळा झालता. लई हसत्यात माणसं. पर चांगलं हाय, कसल्या बी कालव्यात ऐकू येतंय."

"ते खरं," महांतेश म्हणाला आणि दाभण घेऊन पोत्याचं तोंड शिवायला बसला. वजन वाचायचं राहिलंच. पोतं शिवून झाल्यावर ते त्याच्या लक्षात आलं, मग त्यानं गिऱ्हाइकासमोर ते परत काट्यावर चढवलं आणि गिऱ्हाईक त्याच्याकडं जरा संशयानं बघत राहिलं.

कसल्याही कालव्यात ऐकू येतंय. एके काळी हे वाक्य कानावर पडलं असतं तर महांतेशनं त्या माणसाला चहा पाजला असता. त्याचा आवाज कालव्यात ऐकू यावा म्हणूनच तर घडला होता. त्याचे वडील बसलिंगाप्पा याच दुकानात, असले काटे यायच्या आधी, मापानं धान्य मोजायचे आणि मोजताना आकडा गाण्यासारखा मोठ्यानं म्हणायचे, म्हणजे घेणाऱ्याला, देणाऱ्याला आणि गल्लीच्या टोकाला विडी ओढत बसलेल्या हमालालाही हिशोब कळायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. शाळेतून आलेला महांतेश राशीशेजारी बसून ते ऐकायचा आणि पुढं स्वतःच मोजायला लागला, बापाहून चढ्या आवाजात. एकदा माप हातात असतानाच त्यानं आकडा म्हणून टाकला, तेव्हा अप्पांनी ते माप त्याच्या हातातून घेतलं, परत राशीत ओतलं आणि म्हणाले, "पोत्यात गेल्याबिगर आकडा तोंडात यायचा न्हाय." झालं. अप्पांची एवढी एक साधी आठवण, हळदीच्या वासाची, धुळीची, तीसुद्धा फिरून फिरून त्याच दुपारपाशी येऊन थांबली. अलीकडं काहीही आठवायला लागलं की असंच व्हायचं. महांतेशला त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

ती दुपार अशी. हातकणंगल्याच्या बाजूच्या एका गावाचा उरूस, उरुसातलं कुस्तीचं मैदान, आणि स्टेजवर भगवा फेटा बांधून निवेदक महांतेश हुक्केरी. निवेदक म्हणजे नुसता माइकवर बोलणारा नव्हे. आखाड्यात दोन पैलवान भिडले की कोण कुणाचा, कुठल्या तालमीचा, कुणाच्या हाताखाली तयार झाला, आत्ता कुणी कुठला डाव टाकला आणि त्याचा तोड काय, हे सगळं त्यानं सांगायचं. लांब बसलेल्या माणसाला धुळीत काय दिसतं? त्याला निवेदकाच्या तोंडून दिसतं. महांतेशनं पोरपणी दोन वर्षं तालमीत माती अंगाला लावून बघितली होती, पण अंगावर मांस धरेना. शेवटी वस्तादच म्हणाले, "तू करू नगंस. तू सांग." ते त्यानं ऐकलं आणि वीस वर्षं गावोगावच्या यात्रांमधून सांगत हिंडला. लोक त्याच्या शेवटच्या वाक्याची वाट बघत. कुस्ती निकाली झाली, हलगी उसळली की त्या गोंधळाच्या डोक्यावरून तो एक वाक्य सोडायचा आणि टोप्या हवेत उडायच्या. ती वाक्यं आपोआप सुचतात असं लोकांना वाटायचं. ती दुकानात, पोती शिवताना तयार व्हायची.

त्या दिवसाचं वाक्यही तयार होतं. मुरगूडचा यशराज मोरबाळे आणि हरियाणाचा एक पैलवान अशी शेवटची जोड होती. यशराजचा बाप तालमीत माती उकरायचा, तिच्यात ताक, हळद, तेल घालून ती मळायचा. त्या दिवशी तो पुढं पंचांच्या मागं बसला होता. महांतेशनं तीन दिवस ते वाक्य घासलं होतं: बापानं माती मळली आणि पोरानं त्या मातीला पाहुण्याची पाठ लावली. आहाहा. कसं बसत होतं. कुस्ती बराच वेळ चालली, मग यशराजनं मागून कब्जा घेतला, पाहुण्याला खाली घेतला आणि घिस्सा मारला, खालून हात घालून उलटा करायचा डाव. ऊन सरळ स्टेजवर येत होतं. पाहुणा उलटा झाला, त्याचा डावा खांदा मातीला लागला, आणि महांतेश म्हणाला, पडला. हलगीवाल्याचे कान निवेदकाच्या तोंडाकडं असतात, त्यानं टिपरू टाकलं. चारी बाजूंनी माणसं उठली. आणि त्या सगळ्या आवाजात यशराज क्षणभर सैल झाला, त्याचा एक हात वर गेला. पाहुण्याचा दुसरा खांदा लागलेलाच नव्हता, आणि दोन्ही लागल्याशिवाय पैलवान चीत होत नाही. त्यानं अंग फिरवलं, यशराजचा मोकळा हात धरला आणि यशराजला चितपट केला. पंचांनी पाहुण्याचा हात वर धरला आणि त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर स्टेजच्या दिशेनं चपला आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या, आणि महांतेश माइक हातात धरून बसला होता. माइकच्या जाळीला कुणाच्या तरी तंबाखूचा वास होता. तो वास त्याला पुढं कितीतरी दिवस कुठंही यायचा, जेवताना सुद्धा.

उन्हामुळं दिसलं नाही, असं तो सगळ्यांना सांगत आला. लोकांनीही ते मान्य केलं, ऊन होतंच. फक्त दुकानात एकटा असताना त्याला ठाऊक असायचं की त्याला दिसलं होतं. दुसरा खांदा चांगला वीतभर वर होता, घामानं चमकत होता, आणि तो त्यानं बघितला होता. पण वाक्य ओठाशी येऊन उभं होतं आणि ते आता मागं जायला तयार नव्हतं. त्याला यशराजची कुस्ती नको होती, त्याला आपलं वाक्य हवं होतं, आणि गंमत अशी की ते वाक्यसुद्धा म्हणायचं राहूनच गेलं. हे कुणाला सांगणार? सांगून उपयोग तरी काय? त्यानंतर आमंत्रणं आली नाहीत, आणि एकदोन आली ती त्यानं घेतली नाहीत. गल्लीतल्या गणपतीत बक्षिसांची नावं वाचायला म्हणून उभा राहिला तर तोंडाला कोरड पडली आणि दुसऱ्याच नावाला जीभ टाळ्याला चिकटली. ‘पडला’ हा शब्द तर त्यानं बोलण्यातून काढूनच टाकला. शाळूचा भाव पडला असं बाजारात सगळे म्हणायचे, महांतेश म्हणायचा, उतरला. भिंतीवरची पाल पडली तर म्हणायचा, खाली आली.

पण सवय कुठली जायला! पहाटे रंकाळ्यावर चालताना पुढून येणाऱ्या माणसांची जोड तो मनात लावायचा. हा लाल टोपीवाला, ही त्याच्या मागून वेगानं येणारी पंजाबी ड्रेसवाली बाई, टोपीवाल्यानं कड धरली, बाईनं आतून पट काढला. ओठ हलायचे. रविवारी तो जवळपासच्या मैदानाला जाऊन सगळ्यात मागं बसायचा आणि अख्खी कुस्ती पुटपुटत सांगायचा, स्टेजवरचा निवेदक काय बोलतोय त्याच्या आधी. शेजारचा माणूस सरकून बसायचा. घरी आल्यावर दानम्मा, त्याची बायको, त्याच्या पँटला लागलेली माती बघायची आणि काही विचारायची नाही. तिचं माहेर निपाणीच्या पलीकडं, घरात अर्धं कानडी, त्यामुळं स्वतःबद्दलही ‘आलो, गेलो’ म्हणणारी, आणि जीभ अशी की समोरच्याला जेवण गोड लागू नये.

परवापासून मुरगूडच्या तात्यांचे फोन येत होते. तात्या म्हणजे तिथल्या मैदान कमिटीचे सर्वेसर्वा, महांतेशला पहिल्यांदा माइक देणारे. त्यांचा ठरलेला निवेदक दत्तप्रसाद डेंग्यूनं दवाखान्यात झोपला होता आणि मैदान आज दुपारी होतं. परवा महांतेश नाही म्हणाला, काल फोन उचलला नाही. आज शाळूचं गिऱ्हाईक गेल्यावर पुन्हा फोन आला.

"येतोस का न्हाईस तेवडं सांग," तात्या म्हणाले. "न्हाय आलास तर हलगीवर चालवतो. माझं काय आडत न्हाय."

"दुसरा बगा की तात्या. माझं नाव घेतलं की माणसं हसत्यात."

"हसू देत की. हसाय तर येत्यात. यशराज बी हाय जोडीत, वीरेशबरोबर. बेळगावकडचा वीरेश." तात्यांनी जरा दम खाल्ला. "हे बग, मी तुला बोलीवतोय ते तुजी कीव करून न्हवं. दुसरा कोण मिळंना म्हणून."

हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. का कोण जाणे, महांतेशला बरं वाटलं. कीव आली की तिच्या मागोमाग समजावणं येतं, आणि दोन वर्षांत त्याला पुष्कळांनी समजावलं होतं. अपयश ही पहिली पायरी वगैरे. त्या पायरीवर उभं राहून त्याचे पाय दुखायला लागले होते.

यशराज आहे हे मात्र तात्यांनी सांगायला नको होतं. जेवायला वर गेल्यावर तो भाकरीचे नुसते तुकडे करत बसला. दानम्मा समोर भाकरी थापत होती. आज मुरगूडात मैदान आहे, तात्यांचा फोन आला होता, मी जाणार नाही, असं त्यानं ताटाकडं बघत सांगितलं. दानम्मानं भाकरी तव्यावर टाकली.

"माज्या धाकट्या भनीच्या लग्नात," ती म्हणाली, "मी वाढाय उटलो आणि नवऱ्या मुलाच्या बापाच्या फेट्यावर आमटीचं भांडं पालथं केलो. अक्क्या पंगतीत. तुमी हुतासा की."

"हुतो."

"आजून सांगत्यात. परवा बारशाला गेलतो तर एक म्हातारी म्हंती, दानम्मा आली, फेटं काडून ठेवा. मग मी वाढायचं सोडलो व्हय? त्या दिशी बी वाढलो. आमटीच वाढलो." तिनं भाकरी उलटली. "तुमचा आवाज घरात नुसता पडून सडाय लागलाय वो. रातीला झोपेत बोलताय, पट काढला, ढाक लावली. मी काय तुमची बायको हाय का जोड हाय? जावा. न्हाईतर मी त्या तात्याला सांगतो, आमचं हे वारलं, पुन्हा फोन करू नगासा."

तो हसला नाही. हसू आलं होतं, पण त्यानं दाखवलं नाही. नुसतं बघून येतो, मागं बसतो, असं म्हणून त्यानं दुकान हमालावर सोपवलं आणि गाडी काढली. कागलपर्यंत महामार्गाला ट्रकांची रांग होती. कागल सोडल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस लागला, तोडी चालू होत्या, रस्त्यावर ट्रॉलीतून सांडलेली कांडी चिरडून वाळली होती. गाडीवर एकटा असला की माणूस स्वतःशी बोलतो, आणि महांतेश तर बोलण्यासाठीच जन्मलेला. यशराजला काय म्हणायचं हे त्यानं दोन वर्षांत शंभर वेळा जुळवलं होतं. यशराज, त्या दिवशी मला दिसलं होतं. इथून सुरुवात करायची. मग तो शिव्या देईल, कदाचित अंगावर येईल, आला तर येऊ दे. त्याचा बाप समोर बसला होता, त्याची गदा गेली, त्याचं नाव त्या हसण्याबरोबर सगळ्या महाराष्ट्रात वाजतं. हे सगळं आपल्या एका वाक्याच्या हावरेपणापायी. निढोरीच्या अलीकडं त्याच्या लक्षात आलं की हे मनातलं बोलणंसुद्धा चांगलं घोटून झालंय. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. स्वतःच्या अपराधाचंही त्यानं निवेदन करून ठेवलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली आणि त्यानं गाडीचा वेग वाढवला.

मैदान सुरू झालं होतं. गर्दीच्या मागून त्याला हलगी ऐकू आली, पण तिच्यावर माणसाचा आवाज नव्हता, आणि निवेदकाशिवाय कुस्ती कशी केविलवाणी दिसते ते त्यानं पहिल्यांदाच बघितलं. लहान जोड्या सुटत होत्या, पोरं धडपडत होती, कोण जिंकलं ते मागच्यांना कळत नव्हतं, आणि माणसं आपापसात उसाच्या गप्पा मारत होती. तात्यांनी त्याला लांबूनच बघितलं. "आलास, बरं झालं," एवढंच म्हणाले आणि फेटा बांधायला माणूस पाठवला. मी नुसता बघायला आलोय हे सांगायला महांतेशनं तोंड उघडलं, तर समोर तंबूच्या सावलीत यशराज बसलेला. गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. पूर्वीपेक्षा थोराड झाला होता, कान पार मोडलेले.

"काका, आलासा व्हय," तो म्हणाला. "बसा की."

महांतेश बसला नाही. "यशराज, त्या दिशी..."

"कुटल्या दिशी?"

यशराजनं खरंच विचारलं होतं. तोंडावर काही नाटक नव्हतं, हातात पट्टीचं टोक होतं आणि तो वर बघत होता. महांतेशची सगळी तयारी वाया गेली. उरूस, हरियाणाचा पाहुणा, एवढं तो कसंबसं म्हणाला.

"आँ, त्ये. सोडा की वो. पंच हात धरत न्हाईत तवर पैलवानानं सैल व्हायचं नसतंय. वस्तादांनी त्यापायी मला महिनाभर रगडला." त्यानं पट्टीचं टोक आत खोचलं आणि गुडघा वाकवून बघितला. "तवापासनं लई वेळा पडलोय काका. सांगलीत पडलो, कराडात पडलो, आकलूजला तर दोनदा. तितं तुमी कुटं हुतासा?"

मला दिसलं होतं, हे वाक्य अजून महांतेशच्या तोंडात होतं. ते त्यानं म्हटलं. आवाज खाली न आणता, जसं आलं तसं. "मला दिसलं हुतं रे. दुसरा खांदा लागला नव्हता. दिसत हुतं तरी बोललो."

यशराजनं गुडघ्यावरची पट्टी चाचपली. "मग आज तसं बोलू नगासा," तो म्हणाला. "वर जावा आता. मघापास्नं कोण बोलंना, मयताला आल्यागत वाटाय लागलंय."

आणि तो उठून जोर मारायला गेला. महांतेश तिथंच उभा राहिला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, त्याऐवजी त्याला चक्क राग आला. दोन वर्षं ज्याचं ओझं वाहिलं त्याला ओझ्याची आठवणसुद्धा नाही. म्हणजे हे वाहिलं कुणासाठी? दुकानात, रंकाळ्यावर, जेवताना, झोपेत? त्या ओझ्यामुळं आपण कुणीतरी आहोत असं तर वाटत नव्हतं ना? तसंच वाटत होतं. यशराज पडला तो आपल्यामुळं, एवढा मोठा मान आपण स्वतःला देऊन ठेवला होता आणि यशराज तिकडं पडत होता, उठत होता, परत लंगोट बांधत होता, आपल्याला न विचारता. राग हळूहळू उतरला आणि खाली काही उरलं नाही. हात मोकळे होते. डोक्याला फेटा बांधून झाला होता. स्टेजवर एक खुर्ची रिकामी होती.

माइक हातात घेतल्यावर तोंडाला कोरड आलीच. ती यायची होती, आली. त्यानं पाणी प्यायलं, तरी राहिली. मग तो कोरड्या तोंडानंच बोलायला लागला. पहिली दोन वाक्यं फाटकी आली. "राम राम मंडळी. मुरगूडच्या..." इथं थांबला. आणि उजवीकडच्या गर्दीतून एका हौश्यानं ओरडून घेतलं, "पडला रे, पडला!" सगळं मैदान हसलं. त्या फोनमध्ये चिकटवलेलं हसणं आणि हे हसणं यात फरक होता. हे खरं होतं, त्याला तोंडं होती, पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागला होता. महांतेश त्या म्हाताऱ्याचा ठसका थांबेपर्यंत थांबला.

"व्हय, त्योच मी," तो म्हणाला. "महांतेश हुक्केरी, कोल्हापूर. तवा कुस्ती व्हायच्या आधी बोललो. आज झाल्यावर बोलतो. चुकलं तर हितंच हाय, चपला जपून ठेवा."

परत हसले, पण या वेळी जरा वेगळं, आणि मग माणसं आखाड्याकडं वळली. दुसऱ्या जोडीला त्याचा श्वास पुरायला लागला. चौथ्या-पाचव्या जोडीला गर्दीच्या मागच्या कडेची माणसं पुढं सरकलेली त्याला दिसली. त्यानं एकही वाक्य तयार आणलं नव्हतं, वेळच मिळाला नव्हता. डोळ्यासमोर जे होत होतं तेच तोंडात येत होतं, ओबडधोबड. कधी शब्द सापडत नव्हता आणि तो सरळ म्हणत होता, थांबा, कळंना मला, धूळ उठलीया. असं निवेदन त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. त्याला ते फार भारी वाटत होतं अशातला भाग नाही. निभत होतं एवढंच.

शेवटची जोड लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. यशराज आणि वीरेशनं शड्डू ठोकले, हातात माती घेऊन एकमेकांना लावली. वीरेश अंगानं कमी पण पाऱ्यासारखा. बराच वेळ नुसती खडाखडी चालली आणि मग यशराज मागं गेला, कब्जा घेतला, वीरेशला गुडघ्यावर आणला आणि त्याचा हात खाली शिरला. तोच डाव. हलगीवाल्यानं टिपरू उचलून स्टेजकडं बघितलं. वीरेश फिरला, एक खांदा मातीला लागला, सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि हजार तोंडं महांतेशकडं वळली. ही एक गोष्ट तो विसरला होता: अशा वेळी माणसं आखाड्याकडं बघत नाहीत, निवेदकाकडं बघतात. त्यांना तो शब्द हवा असतो. आणि शब्द आला. सगळा जिभेवर आला, त्याला त्याचा ‘प’ ओठांवर जाणवला. आज यशराज जिंकला तर सगळं फिटलं असतं. त्यानं ओठ मिटले आणि खांदा बघितला.

"एक लागलाय," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःला परका वाटला. "दुसरा वर हाय. बोटभर वर हाय. यशराज, दाब सोडू नगंस. हलगी, थांब. दुसरा आजून वर हाय."

वीरेशनं मानेवर अंग तोलून धरलं होतं, त्याच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. यशराज ढिला झाला नाही, तसूभर सुद्धा नाही, सगळं वजन त्यानं त्या बोटभर जागेवर टाकलं होतं. तरी ती जागा मिटली नाही. वीरेश साबणासारखा निसटला, उभा राहिला, आणि दमलेला यशराज वळेपर्यंत त्यानं पट काढून त्याला उचलला आणि खाली आणला. दोन्ही खांदे. यात बघायचं काही उरलं नव्हतं. तरी पंचांनी वीरेशचा हात धरून वर करेपर्यंत महांतेश थांबला. तेवढ्या वेळात, जमलं असतं तर, त्यानं काय काय केलं असतं, यशराजच्या पाठीखाली हात सुद्धा घातला असता.

"यशराज मोरबाळे पडला," तो म्हणाला. "वीरेश जिंकला. कुस्ती निकाली." हलगी उसळली.

रीत अशी की जिंकलेल्याला खांद्यावर घेऊन आखाड्याला फेरी मारायची, आणि हरलेल्यानं तोवर कडेकडेनं दोरीखालून निघून जायचं. त्याच्याकडं कुणी बघत नाही, निवेदकानं त्याचं नाव परत घ्यायचं नाही. त्यात अपमान नसतो, उलट ती त्याला दिलेली आडोशाची जागा असते. महांतेशनं वीस वर्षं ती रीत पाळली होती. पण यशराज दोरीकडं गेला नाही. तो आखाडा ओलांडून सरळ स्टेजखाली आला, धापा टाकत. त्याच्या सबंध पाठीला माती लागलेली, आणि पैलवानाच्या पाठीची माती म्हणजे काय ते इथल्या पोराटोरांनाही कळतं.

"काका," तो म्हणाला, "मलकापूरचं सांगा की. परत हीच जोड. वीरेश तयार हाय, उटता उटताच इचारलंय त्येला."

मलकापूरचा गुंडू तिथंच स्टेजच्या कडेला बसला होता. तिकडच्या यात्रेच्या मैदानासाठी जोडी ठरवायला तो दरवर्षी असा गावोगाव फिरायचा. त्यानं यशराजकडं बघितलं, वीरेशकडं बघितलं आणि मान हलवली. महांतेशनं माइक तोंडाजवळ घेतला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"मंडळी, घाईनं उठू नगासा," तो म्हणाला. "हा यशराज मोरबाळे. आत्ताच पडलाय, तुमी बघितलंय. पाठ झाडलेली न्हाय त्येनं. म्हणतोय की मलकापूरच्या मैदानात हीच जोड परत लावा." माणसं थबकली. खांद्यावरच्या वीरेशनं तिथूनच हात वर केला. "तर मलकापूरच्या यात्रेला, शेवटची कुस्ती, यशराज मोरबाळे विरुद्ध वीरेश. आणि निवेदक..."

इथं तो थांबला. कुणी लिहून दिलं नव्हतं, दुकानात घोटलं नव्हतं. खाली यशराज मान वर करून वाट बघत होता, आणखी काय सांगायचं राहिलंय ते त्याला कळत नव्हतं.

"निवेदक, महांतेश हुक्केरी, कोल्हापूर."

गुंडूनं चमकून वर बघितलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तात्या त्याच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाले आणि दोघंही हसायला लागले. यशराज टॉवेल खांद्यावर टाकून गर्दीत शिरला होता. आखाड्यात हौसेची म्हणून आणखी एक जोड उतरत होती, दोघंही ओळखीचे नव्हते. महांतेशनं माइक हातानं झाकला आणि त्यांची नावं विचारायला खाली वाकला.